उडती बोट ही आधी बोट असते: सिम्युलेटरवर कॅटलिना शिकताना

धावपट्टीवर सेसना नीट उतरवता येऊ लागली, आता काहीतरी जुनं, दुसऱ्या महायुद्धातलं चालवून बघू, म्हणून आपण कॅटलिना ही उडती बोट सिम्युलेटरवर डाउनलोड करून घेतो. इंजिनं सुरू होतात आणि विमान लगेच चालायलाच लागतं. आपण ब्रेक दाबतो. काही होत नाही. पुन्हा दाबतो. तोवर विमानाने वाऱ्याकडे तोंड फिरवलेलं असतं आणि ते किनाऱ्यावरच्या झाडीकडे निघालेलं असतं. पाण्यात ब्रेक नसतो हे एरवी सांगून कळतं, पण पटतं ते एकदा झाडीत घुसल्यावरच. मी दोनदा घुसलो.

म्हणून या लेखात उडण्यापेक्षा तरंगण्याबद्दल जास्त लिहिलंय. हवेत गेल्यावर कॅटलिना संथ, जड आणि समजूतदार असते. तिथे ती तुम्हाला सांभाळून घेते. परीक्षा असते ती पाण्यावर.

पहिली पायरी: विमान निवडा, पण कॅटलिना लगेच नको

सेसनाच्या चाकांजागी दोन लांब फ्लोट लावले की ते फ्लोटप्लेन झालं. उडत्या बोटीचं तसं नाही. तिचं धड हेच बोटीचं बूड असतं, आणि पंखांखालचे छोटे फ्लोट फक्त ती कलंडू नये म्हणून असतात. युद्धात या बोटींना महत्त्व आलं ते दोन कारणांनी. समुद्रावर दूरवर टेहळणी करायला लांब पल्ला लागतो, आणि बेटाबेटांवर धावपट्ट्या नव्हत्या. पाणी मात्र सगळीकडे होतं.

नवख्याच्या कानावर पडतात ती नावं मुख्यतः दोन. अमेरिकेची कॉन्सॉलिडेटेड पीबीवाय, म्हणजे कॅटलिना: पहिलं उड्डाण १९३५ साली, प्रत्येकी १,२०० अश्वशक्तीची दोन इंजिनं, पंखांची लांबी जवळजवळ ३२ मीटर. आणि ब्रिटनची शॉर्ट सुंदरलँड: १९३७ सालची, चार इंजिनांची, दुमजली, आत चक्क स्वयंपाकघर असलेली. सुंदरलँड दिसायला जास्त रुबाबदार, हे मान्य. पण चार थ्रॉटल (इंजिनाची शक्ती कमी-जास्त करणाऱ्या दांड्या) आणि पाण्यावरचं ते धूड एकदम अंगावर घेऊ नका.

माझा सल्ला असा: पहिले आठ-दहा तास ग्रमन गूजवर घालवा. हीसुद्धा उडती बोटच आहे, युद्धातही वापरलेली, पण लहान आणि चुका पोटात घालणारी. जुन्या एफएसएक्समध्ये (मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर एक्स) ती मूळ विमानांतच होती, आणि मायक्रोसॉफ्टने २०२२ साली चाळिसाव्या वर्षानिमित्त काढलेल्या आवृत्तीत ती फुकट आली. फ्लाइटगिअर हा सिम्युलेटर तर संपूर्ण मोफत आहे. त्याच्या विमानांच्या यादीत जुन्या पाणविमानांची नावं घालून शोधा. वॉर थंडरमध्येही कॅटलिना आहे, पण तो लढाईचा खेळ आहे. तिथे गोळ्या चुकवायला शिकाल, तलावावर नांगर टाकायला नाही.

दुसरी पायरी: टेबलावरची तयारी

महागडं काही लागत नाही. पण एक गोष्ट जरूर हवी, ती म्हणजे दोन्ही इंजिनांचे थ्रॉटल वेगवेगळे हलवता येण्याची सोय. पाण्यावर वळताना खरं काम तेच करतं. दोन दांड्यांचा थ्रॉटल असेल तर उत्तम. नसेल तर जॉयस्टिकची दोन बटणं प्रत्येक इंजिनासाठी राखून ठेवा. एफएसएक्समध्ये इ दाबून लगेच १ किंवा २ दाबलं की तेवढंच इंजिन हाताशी येतं. शेपटीवरचं रडर फिरवणारी पायातली पेडल नसतील तर पिळता येणारी जॉयस्टिक चालते. माझ्या पहिल्या जॉयस्टिकचा पीळ सहा महिन्यांत सैल झाला आणि विमान कायम डावीकडे ओढायचं. बरेच दिवस मी त्याचा दोष वाऱ्याला देत होतो. म्हणून सेटिंगमध्ये जाऊन मधली निष्क्रिय जागा थोडी वाढवून ठेवा.

कॅटलिनाच्या कॉकपिटमध्ये एक गंमत आहे. थ्रॉटल समोर किंवा बाजूला नसून डोक्यावर, छतात लटकलेले असतात. फ्लाइट इंजिनिअर तर कॉकपिटमध्ये बसतच नाही. पंख धडाला जोडणाऱ्या मधल्या खांबात, इंजिनांच्या मधोमध, त्याची खुर्ची असते. पायलटच्या हातातल्या चाकावर (विमानाच्या स्टिअरिंगवर) बटणांची छोटी पट्टी असे. ती दाबली की वर दिवे लागत आणि ‘फ्लोट खाली घे’ असले निरोप इंजिनिअरला मिळत. सिममध्ये ही दोन्ही कामं तुमच्याच गळ्यात पडतात, म्हणून फ्लोट, कूलिंगच्या झडपा आणि इंधनाचं मिश्रण यांच्यासाठी सोप्या कळा ठरवून घ्या. फ्लॅपसाठी, म्हणजे उतरताना पंखामागे खाली येणाऱ्या पट्ट्यांसाठी, कळ ठेवू नका. कॅटलिनाला फ्लॅप नाहीतच, आणि नवखे ते शोधण्यात अर्धा तास घालवतात.

आणखी एक अडचण. बऱ्याच सिममध्ये नकाशावर भर पाण्यात जागा निवडली की विमान पाण्यावर न येता हवेत उभं राहतं. मग पहिला धडा थेट उतरण्याचाच होतो, जो सगळ्यात अवघड. यातून वाट अशी: पाणविमानतळ म्हणून नोंदलेली जागा निवडा, किंवा पीबीवाय-५ए घ्या. तिला चाकंही आहेत, म्हणजे साध्या धावपट्टीवरून उडता येतं.

तिसरी पायरी: नुसतं पाण्यावर चालवा

इथे घाई करू नका. एक अख्खी संध्याकाळ फक्त यासाठी ठेवा, आणि विमान अजिबात उडवायचं नाही असं ठरवूनच बसा. वारा पाच ते आठ नॉट ठेवा. शून्य वारा सोपा वाटतो, पण तो फसवा असतो. का ते पुढे येईलच.

पाण्यावरचं विमान वारा-कोंबड्यासारखं वागतं. शेपटी मोठी, म्हणून वारा शेपटी मागे ढकलतो आणि नाक वाऱ्याच्या तोंडाला येतं. हे अडवायच्या भानगडीत पडू नका, त्याचा उपयोग करून घ्या. इंजिन अगदी हळू ठेवलं तर विमान वाऱ्याबरोबर मागे-मागे सरकतं. जागा अडचणीची असेल तर असंच मागे सरकत किनाऱ्याला लागता येतं. वाऱ्याकडे पाठ करायची असेल तर बाहेरच्या बाजूचं इंजिन वाढवा, आतलं अगदी कमी करा आणि रडर पूर्ण दाबून धरा. वळण अर्ध्यावर आलं की विमान अचानक गर्रकन फिरेल. तिथे लगेच इंजिन कमी करा, नाहीतर बाहेरचा फ्लोट पाण्यात बुडतो.

सुंदरलँडवाले थांबायला काय करायचे माहीत आहे? स्वयंपाकघराच्या दोन्ही बाजूच्या खिडक्यांतून कापडी पिशव्यांसारखे ओढनांगर पाण्यात सोडायचे. डावा सोडला की डावीकडे वळण, दोन्ही सोडले की वेग कमी. चहाचं आधण आणि सुकाणू एकाच खोलीत. सिममध्ये हे क्वचितच बनवलेलं असतं. आपल्याला इंजिनं बंद करायची वेळच नीट साधावी लागते. बोया (विमान बांधायचा तरंगता खुंटा) शंभर मीटरवर असताना एक इंजिन बंद, पन्नासवर दुसरं, बाकी काम वाऱ्याचं. पहिल्या दहा वेळा बोया हुकणारच.

चौथी पायरी: पायरीवर चढा

उडत्या बोटीच्या बुडाला मध्यावर एक आडवा खाच असतो, त्यालाच स्टेप किंवा पायरी म्हणतात. सगळं उड्डाण या पायरीभोवती फिरतं. गुळगुळीत बूड पाण्याला चिकटून राहतं, कारण वेगाने वाहणारं पाणी त्याला खाली ओढतं. पायरीपाशी पाण्याचा प्रवाह बुडापासून सुटतो, मागच्या भागाखाली हवा शिरते, आणि बोट तेवढ्या पुढच्या भागावर घसरत राहते.

प्रत्यक्षात असं करा. नाक वाऱ्याकडे. फ्लोट खाली. चाकं वर, हे मोठ्याने म्हणा. हातातलं चाक पोटाशी ओढलेलं. थ्रॉटल सावकाश पुढे. घाई केली तर पाण्याचा फवारा पंख्यांत जातो. दोन्ही पंखे एकाच दिशेने फिरत असल्याने नाक डावीकडे ओढतं, म्हणून डावं इंजिन जरा पुढे ठेवा. नाक वर येईल, समोर फक्त आभाळ आणि फवारा दिसेल, आणि विमान चिखलात रुतलेल्या म्हशीसारखं अडून बसेल. नवखा इथेच घाबरून थ्रॉटल मागे घेतो. घेऊ नका. खऱ्या कॅटलिनात इथे पूर्ण शक्ती म्हणजे ४८ इंच मॅनिफोल्ड प्रेशर (इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब) आणि मिनिटाला २,७०० फेरे. काही सेकंदांत नाक आपोआप खाली यायला लागतं. तेव्हा चाक हळूहळू मध्यावर सोडा. अडखळणं संपतं, वेग भराभर वाढतो. आता तुम्ही पायरीवर आहात.

इथून वर जायचं ते अगदी हलक्या हाताने. नाक फार खाली राहिलं तर विमान डॉल्फिनसारखं वर-खाली उड्या मारायला लागतं, आणि प्रत्येक उडी आधीच्यापेक्षा मोठी. नवखा प्रत्येक उडीमागे चाक पुढे-मागे ढकलत राहतो, पण त्याचा हात नेहमी अर्ध्या उडीने उशिरा पडतो. दोन उड्या झाल्या की चाक किंचित मागे घेऊन तिथेच घट्ट धरा. तिसरी आणखी मोठी आली तर थ्रॉटल बंद, चाक पोटाशी, आणि पुन्हा सुरुवातीपासून. यात कमीपणा काही नाही.

पाणी अगदी आरशासारखं शांत असेल तर विमान पायरीवर चढूनही सुटत नाही. बुडाखाली हवा शिरायला लाटाच नसतात. खरे वैमानिक अशा वेळी आधी एक गोल चक्कर मारून स्वतःच्याच लाटा तयार करत, मग त्या लाटांवरून उडत. वारा शून्य नको म्हटलं ते म्हणूनच.

हवेत गेल्यावर फ्लोट वर घ्या. कॅटलिनाचे फ्लोट वळून पंखांच्या टोकालाच चिकटतात आणि पंखाचंच टोक होतात. बाहेरच्या कॅमेऱ्यातून हे एकदा तरी बघाच. शक्ती कमी करताना आधी थ्रॉटल, मग पंख्याचे फेरे. वाढवताना उलट.

पाचवी पायरी: उतरणं

आधी चाकांचं बोलू. पीबीवाय-५ए आणि गूज या दोघींनाही चाकं आहेत. चाकं खाली ठेवून पाण्यावर उतरलं की ती पाण्यात रुततात आणि विमान नाकावर उलटं होतं. मी गूज अशीच पवना धरणात पालथी घातली, आणि तेही बायकोला ‘बघ कसं उतरवतो’ म्हणून शेजारी बसवून. तेव्हापासून उतरायच्या आधी दोनदा मोठ्याने म्हणतो: ‘पाण्यावर उतरतोय, चाकं वर.’ घरच्यांना आता त्याची सवय झाली आहे.

लाटा दिसत असतील तर उतरणं साधं असतं. वाऱ्याकडे तोंड, फ्लोट खाली, वेग हळूहळू कमी, पाण्याला टेकता-टेकता नाक किंचित वर. टेकल्यावर हातातलं चाक पुढे ढकलू नका. वेग उतरेपर्यंत चाक मागेच.

शांत पाणी हा खरा शत्रू. आरशात आभाळच दिसतं, उंची कळत नाही. वैमानिकाला वाटतं अजून पन्नास फूट आहेत, आणि पाणी लागतं. उलटही होतं: पाणी आलं समजून तो हवेतच वेग संपवतो आणि वरून आपटतो. यावर जुना उपाय म्हणजे नजरेवर विश्वास न ठेवणं. किनाऱ्याच्या जवळून, किनाऱ्याला समांतर उतरा, म्हणजे झाडांवरून उंचीचा अंदाज येतो. शे-दोनशे फुटांवर नाक किंचित वर करून थ्रॉटल एवढाच ठेवा की मिनिटाला दीडशे फूट खाली जाल. मग काही म्हणजे काही करू नका. पाणी स्वतःहून येईल. टेकल्यावरच थ्रॉटल बंद. हात न हलवता बसणं किती अवघड आहे ते पहिल्यांदा करताना कळेल.

सिम इथे कमी पडतं हेही सांगायला हवं. कित्येक सिममध्ये लाटा फक्त चित्रात असतात, बुडाला लागत नाहीत. एक्स-प्लेनमध्ये लाटांची उंची वाढवून बघा, निदान विमान डुलतं तरी.

सहावी पायरी: इतिहास उडवा

आता श्रीलंकेत जाऊ, कारण हिंदी महासागरातल्या कॅटलिनांची सगळ्यात मोठी गोष्ट गॉलजवळच्या कोग्गला सरोवराची आहे. सरोवराला लागूनच धावपट्टी आहे. सिममध्ये तिचा कोड व्हीसीसीके. ५ए असेल तर धावपट्टीवरून उडा आणि सरोवरात उतरा. समुद्र आणि सरोवर यांच्यामध्ये जमिनीची अरुंद पट्टी आहे. दोन-तीन चकरांत जागा ओळखीची होईल.

४ एप्रिल १९४२ ला इथूनच कॅनडाच्या ४१३ स्क्वॉड्रनचा लिओनार्ड बर्चल टेहळणीला निघाला. त्याचं स्क्वॉड्रन नुकतंच येऊन पोचलं होतं. दिवसभर रिकामा समुद्र बघितल्यावर, परतायच्या सुमाराला, बेटाच्या दक्षिणेला साडेतीनशे-चारशे मैलांवर त्याला जपानी अ‍ॅडमिरल नागुमोचा विमानवाहू जहाजांचा ताफा दिसला. त्याने पळ काढण्याऐवजी जवळ जाऊन मोजदाद केली आणि रेडिओवरून निरोप पाठवला. जपानी झिरो लढाऊ विमानांनी कॅटलिना पाडली. नऊ जणांपैकी तिघे गेले, बर्चलसकट सहा जण कैदेत पडले. दुसऱ्या दिवशी, ईस्टरच्या रविवारी, कोलंबोवर हल्ला झाला तेव्हा बेट सावध होतं.

हे उड्डाण करताना लढाई शोधू नका, कंटाळा अनुभवा. पहाटे निघा, २,००० फुटांवर दक्षिणेला तीन तास जा. तिथून क्षितिज सुमारे ५० सागरी मैलांवर असतं, पण त्यातलं जहाज दिसेलच असं नाही. मग तीस मैलांच्या अंतराने समांतर पट्टे काढत समुद्र विंचरा. जीपीएस बंद ठेवा. तिसऱ्या पट्ट्यानंतर तुम्ही नेमके कुठे आहात ते कागदावर लिहा आणि नकाशा उघडून ताडून बघा. माझी चूक पहिल्यांदा बावीस मैलांची निघाली.

त्याहून मोठं काम म्हणजे डबल सनराइज. सिंगापूर पडल्यावर ऑस्ट्रेलियाचा ब्रिटनशी हवाई संपर्क तुटला. १९४३ ते १९४५ मध्ये क्वांटासने पाच कॅटलिना पर्थच्या स्वान नदीवरून थेट कोग्गलाला उडवल्या: अल्टेअर, व्हेगा, रायजेल, अंटारेस आणि स्पायका, सगळ्या ताऱ्यांच्या नावांच्या. जादा इंधनामुळे फक्त तीन प्रवासी आणि सुमारे ६९ किलो टपाल. रेडिओ बंद. जपानी विमानांच्या टप्प्यातला भाग रात्री पार होईल असा हिशेब. प्रवास एवढा लांब की एकाच उड्डाणात दोनदा सूर्य उगवायचा. अशा २७१ फेऱ्या झाल्या. सगळ्यात लांब ३२ तास ९ मिनिटांची.

हा आकडा स्वतः काढून बघा. सरळ अंतर सुमारे ३,०५० सागरी मैल. वेग ११० नॉट धरला तर २८ तासांच्या आत पोचता. समोरून १५ नॉटचा वारा लागला की प्रत्यक्ष वेग ९५, आणि तास होतात ३२. म्हणजे तो विक्रम कुणाच्या जिद्दीपेक्षा समोरच्या वाऱ्याचा असावा असं मला वाटतं.

सिममधल्या साध्या कॅटलिनाच्या टाक्यांत एवढं इंधन मावणार नाही. मूळ विमानांत जादा टाक्या बसवल्या होत्या. अमर्याद इंधनाचं बटण दाबण्यापेक्षा निम्मी वाट घ्या. अगदी मध्यावर कोकोस बेटं आहेत, कोड वायपीसीसी. तिथून कोग्गला सुमारे १,४७० सागरी मैल, साडेतेरा तास. चार बैठकांत, प्रत्येक वेळी जतन करून, आरामात होतं. वेळ भराभर पळवायची असेल तर चौपटीच्या वर जाऊ नका, ऑटोपायलट गडबडतो.

दिशा काढताना साठाचा नियम लक्षात ठेवा: साठ मैलांवर एक अंशाची चूक म्हणजे एक मैल. १,४७० मैलांवर एक अंश म्हणजे जवळजवळ २५ मैल. बाजूने १५ नॉटचा वारा असेल तर ११० नॉटच्या विमानाला तो साधारण ८ अंश वाहवत नेतो, म्हणजे दोनशे मैल. श्रीलंकेची रुंदी सव्वाशे मैलांच्या आत आहे. आख्खं बेट हुकेल.

म्हणून थेट कोग्गलावर नेम धरू नका. उजवीकडे, पूर्व किनाऱ्यावरच्या पोट्टुविलवर धरा. मग किनारा दिसला की मनात प्रश्नच राहत नाही: डावीकडे वळायचं, जमीन उजव्या हाताला ठेवायची आणि शंभरेक मैल किनाऱ्याकिनाऱ्याने जायचं. थेट नेम धरून चुकलात, तर किनारा दिसल्यावर डावीकडे वळू की उजवीकडे हे कळत नाही, किंवा किनारा दिसतच नाही.

तेव्हाच्या भारतातही पाण्यावरचे तळ होते. चेन्नईजवळच्या रेड हिल्स तलावावर ब्रिटिश कॅटलिना असत, कराचीत कोरंगी खाडीवर. त्याआधी १९३८ पासून इम्पिरियल एअरवेजच्या प्रवासी बोटी कराचीहून राजसमंद, ग्वाल्हेर, अलाहाबाद करत कोलकात्याला जात. शिंद्यांच्या ग्वाल्हेरला त्या माधोसागर तलावात उतरत. कोग्गला जमलं की हा मार्ग घ्या. तलाव लहान आहेत, पावसाळा सोडून पाणी कमी, आणि उपग्रहाच्या चित्रात किनारा नेमका कुठे आहे ते उतरताना जवळ गेल्याशिवाय कळत नाही. म्हणून आधी एक चक्कर पाचशे फुटांवरून मारा, मगच फ्लोट खाली घ्या.